साहेबांच्या खात्यावरचे अडतीस हजार

साहेब, म्हणजे आमचे आमदार, गेले तेव्हा माझ्या वहीत त्यांच्या नावावर अडतीस हजार चारशे रुपये बाकी होते. श्रद्धांजलीचे फ्लेक्स धरले तर एकसष्ट हजार. श्रद्धांजलीचे पैसे कुणाला मागायचे हा आमच्या धंद्यातला जुना घोळ आहे. ऑर्डर द्यायला कार्यकर्ता डोळे पुसत येतो, "दहा बाय वीसचे आठ, रात्रीतून पाहिजेत" म्हणतो आणि निघून जातो. तेरवीच्या आत पैशाचा विषय काढला की म्हणतात माणुसकी नाही. तेरवीनंतर काढला की म्हणतात, आता साहेबच राहिले नाहीत, कुणाला मागता?

तालुक्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर उद्या दुकानासमोर चार गाड्या येऊन थांबतील. लातूर आणि बीडच्या सीवेवर कुठंतरी, एवढं पुरे. बसस्टँडच्या मागं माझं फ्लेक्सचं दुकान आहे. त्याआधी त्याच जागेत अण्णांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, पेंटिंगचं दुकान होतं. पाट्या, ट्रकची मागची फळकुटं आणि निवडणूक आली की भिंती. अण्णांनी गाय-वासरू रंगवलं, मग पंजा रंगवला, पुढं कमळ आणि धनुष्यबाणही. ते म्हणायचे, सगळ्यात अवघड गाय-वासरू. वासराची मान नीट वळली नाही तर ते कुत्रं दिसायचं आणि उमेदवार पैसे कापायचा.

तर साहेबांचा दहावा. नदीच्या घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. कावळा शिवेना. एक-दोघं पुढं झाले, हात जोडून म्हणाले, "साहेब, दादांना आम्ही एकटं सोडणार नाही." तेवढ्यात कावळा शिवला. मी थट्टा करत नाही, डोळ्यांनी बघितलंय. मागून एकानं आवाज दिला, "दादा, आता तुम्हीच!" आणि अख्खा घाट गरजला. दादा, म्हणजे साहेबांचे चिरंजीव, तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीसचे, पुण्यात राहणारे, डोक्याचे केस काढलेले, भेदरलेले. त्यांना आमदारकीत रस होता की नव्हता हे त्या दिवशी त्यांना कुणी विचारलं नाही. गरजणाऱ्यांत मीही होतो.

मी का ओरडलो, याचा मी पुढं बरेच दिवस विचार केला. साहेबांवर माझा जीव होता, ते खरं. पण त्याहून खरं असं की साहेबांची गादी दुसऱ्या कुणा कार्यकर्त्याकडं गेली असती तर माझे एकसष्ट हजार बुडाले असते. तो म्हणाला असता, साहेबांचं साहेबांपाशी, मला काय सांगता. मग मी घाटावरच्या एकेका चेहऱ्याकडं नजर फिरवली. माझ्या शेजारी एक गुत्तेदार होता, दोन पाझर तलावांची बिलं अडकलेली. त्याच्या पलीकडं साहेबांच्या संस्थेतले दोन मास्तर, अकरा वर्षं बिनपगारी, वीस टक्के अनुदानाच्या टप्प्याची वाट बघणारे. नोकरी लागताना त्यांनी काय दिलं हे सगळ्या गावाला माहीत आहे. एकाचा मेव्हणा कारखान्यात हंगामी होता, त्याला कायम करायचा शब्द साहेबांनी दिलेला. एका म्हातारीच्या नातवाच्या दवाखान्याला साहेबांनी मुंबईत चिठ्ठी दिलेली, ती उपकाराच्या ओझ्याखाली आलेली. तीसुद्धा म्हणत होती, लेकराला सांभाळा रे.

म्हणजे घाटावर जमलेल्या निम्म्या लोकांचं साहेबांकडं काहीतरी येणं होतं आणि उरलेल्या निम्म्यांचं देणं. आमच्याकडं बापाचं देणं कोण फेडतो? पोरगा. दुकान असो, सावकारी असो, नाहीतर राजकारण असो, खातं पुढं चालवणारा वारस लागतो. घराणेशाहीवर पेपरात लेख येतात, त्यात जनता भोळी आहे, सरंजामी वृत्तीची आहे, पाया पडते, असं काय काय छापून येतं. पाया पडतात हे खरंच आहे. पण पाया पडणाऱ्याची एक चिठ्ठी वरच्या खिशात असते, ती लेख लिहिणाऱ्याला दिसत नाही.

निवडून आल्यावर पाच महिन्यांनी दादांनी मला बंगल्यावर बोलावलं. "काका, बाबांचं काही राहिलंय का तुमच्याकडं?" मी वही दाखवली. त्यांनी पन्नास हजार दिले आणि अकरा "श्रद्धांजलीचे म्हणून सोडा" म्हणाले. मी सोडले. घरी येऊन बायकोला म्हटलं, पोरगं बापाच्या वळणावर गेलंय. आता त्याच दादांच्या खात्यावर किती चढलेत ते विचारू नका.

मराठवाड्यात असली घरं मोजायला बसलं तर एका पानात मावत नाहीत. शंकरराव चव्हाण दोनदा मुख्यमंत्री, मुलगा अशोकराव मुख्यमंत्री. भोकरचं बघा: 2014 ला अमिताताई, 2019 ला स्वतः अशोकराव, 2024 ला मुलगी श्रीजया. आई, वडील, लेक. मधल्या काळात पंजाचं कमळ झालं, आमदारकी घरातच राहिली. बाभळगावचे सरपंच विलासराव पुढं दोनदा मुख्यमंत्री झाले. मग अमित, मग धीरज. भोकरदनला रावसाहेब दानव्यांचे चिरंजीव संतोष आहेतच, 2024 ला कन्नडहून कन्या संजनाही आल्या. गोपीनाथराव मुंडे 3 जून 2014 ला गेले आणि ऑक्टोबरमधल्या पोटनिवडणुकीत प्रीतमताई 6,96,321 मतांनी निवडून आल्या, तोवरचा देशातला विक्रम. राष्ट्रवादीनं उमेदवारसुद्धा दिला नव्हता. ती निवडणूक नव्हती, बीड जिल्ह्याचा दहावा होता.

आणि घर फुटलं की आम्हाला वाटतं, चला, आता लोकशाही आली. कुठली? 2004 ला निलंग्यात आजोबांविरुद्ध नातू. माजी मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर पडले, संभाजीराव आले. त्याच साली संभाजीरावांच्या मातोश्री रूपाताईंनी लातूर लोकसभेत सात वेळा निवडून आलेल्या शिवराज पाटील चाकूरकरांना पाडलं. 2019 ला परळीत बहिणीविरुद्ध भाऊ, धनंजयरावांनी पंकजाताईंना हरवलं. त्याच निवडणुकीत बीडला काकाविरुद्ध पुतण्या, संदीप क्षीरसागरांनी जयदत्तअण्णांना पाडलं, आणि 2024 ला त्याच घरातले योगेश क्षीरसागर संदीपसमोर. सत्ताधारी घरातला, विरोधी पक्ष घरातला, आणि बाहेरच्यांनी फक्त बाजू निवडायची. आम्हा फ्लेक्सवाल्यांची मात्र अशा वेळी चंगळ असते. एकच आडनाव, दोन रंग. डिझाईन करणाऱ्या पोराला मी दहादा बजावतो, फोटो उलटे टाकू नको रे बाबा. एकदा टाकले होते. रात्री दोन वाजता शटर उघडून सगळं परत छापलं, स्वतःच्या पदरचे पैसे घालून.

फ्लेक्सवरून वारस कधी तयार व्हायला लागला ते मला वर्षभर आधी कळतं, हे मी गर्वानं सांगतो. आधी साहेबांच्या वाढदिवसाच्या बॅनरवर खालच्या पट्टीत, शुभेच्छुकांच्या शेजारी, एक बारका फोटो येतो. नावाखाली काही लिहिलेलं नसतं. पुढच्या वर्षी नावाखाली 'युवा नेते' येतं. मग फोटो पट्टीतून उचलून उजव्या बाजूला जातो. मग कुठलंतरी प्रतिष्ठान निघतं, त्याचा दहीहंडीचा बोर्ड येतो, दहीहंडी कधी आमच्या भागात नव्हतीच. मग एक दिवस कार्यकर्ता येतो आणि हळूच म्हणतो, "दादांचा फोटो साहेबांएवढाच घे." त्या दिवशी समजावं. कार्यकर्त्यांच्या फोटोंची जागा मात्र तीस वर्षं खालच्या पट्टीतच. काळे केस जाऊन पांढरे झाले, पट्टी तीच. एक जण साहेबांबरोबर एसटीनं फिरलेला, आणीबाणीत घरात पत्रकं लपवलेला. गेल्या वर्षी दादांच्या पोराच्या जावळाच्या बॅनरवर त्याचं नाव शुभेच्छुकांत तेराव्या नंबरला होतं. त्यानं स्वतः येऊन बघितलं. म्हणाला, "तेरावा का होईना, हाय ना." मी काय बोलणार.

बायकांच्या जागा राखीव झाल्या, 2011 पासून आपल्याकडं पन्नास टक्के, तेव्हा मला वाटलं होतं पट्टी बदलेल. बदलली, पण कशी? उमेदवार सौ. अमुक, आणि बॅनरवर तिच्या शेजारी नवऱ्याचा फोटो तिच्याहून मोठा. एका गावच्या बॅनरवर तर बाईंचा फोटोच नव्हता. मी विचारलं तर सरपंचपती म्हणाले, "तिचा चांगला निघत नाही." काही बायका दुसऱ्या वर्षापासून स्वतः ग्रामसभेत बोलायला लागल्या, हेही मी बघितलंय. त्यातल्या एकीनं माझ्याकडून स्वतःचा एकटीचा बॅनर करून घेतला आणि पैसे रोख दिले. असं क्वचित घडतं, म्हणून लिहून ठेवतो.

अण्णा सांगायचे, सुरुवातीला असं नव्हतं. निजामाच्या राज्यात देशमुख-देशपांड्यांची वतनं होती, पिढ्यान्‌पिढ्या. 17 सप्टेंबर 1948 ला राज्य गेलं, पुढं वतनं गेली. मग जे वर आले ते सगळे वतनदार नव्हते. स्वामी रामानंद तीर्थ 1952 ला गुलबर्ग्यातून आणि 1957 ला औरंगाबादेतून खासदार झाले. संन्यासी माणूस, वारस कुठला? त्यांचं नाव नांदेडच्या विद्यापीठाला मिळालं, मतदारसंघ कुणाला गेला नाही. गोपीनाथराव नाथ्र्यासारख्या खेड्यातल्या साध्या शेतकऱ्याच्या घरातले. विद्यार्थी चळवळ, आणीबाणीतला तुरुंग, मग 1980 ला रेणापूरची आमदारकी. मला एवढंच म्हणायचंय की आज जी घरं आहेत, त्यातली कितीतरी एका पिढीपूर्वी घरं नव्हती. कुणीतरी एकटा माणूस शिडी चढून वर गेला होता. ती शिडी कुठं गेली, ते बघायला पाहिजे.

मला दिसतं ते असं. 1994 च्या विद्यापीठ कायद्यानं कॉलेजातल्या थेट निवडणुका गेल्या. जीएस, म्हणजे पोरांनी निवडून दिलेला कॉलेजचा सेक्रेटरी, व्हायचं, पोरांपुढं भाषण ठोकायचं, हरायचं, परत उभं राहायचं, हे सगळं जिथं फुकटात शिकायला मिळायचं ते बंद. जिल्हा परिषद 1962 पासून आपल्याकडं आहे, राज्यातल्या निम्म्या पुढाऱ्यांची शाळाच ती. 2017 ला मतदान झालं, मार्च 2022 ला मुदत संपली, आणि पुढं तीन-चार वर्षं प्रशासक. त्या काळात पंचवीस वर्षांचा जो पोरगा सर्कलमधून, म्हणजे जिल्हा परिषदेच्या गटातून, उभा राहिला असता तो एकोणतीसचा झाला आणि पुण्यात कंपनीत लागला. सहकारी कारखान्याचा चेअरमन निदान सभासदांनी निवडून द्यायचा असायचा. पॅनल पडायचं, धाकधूक असायची. आता सहकारी बंद पडतो, लिलावात निघतो, कुणीतरी खासगी म्हणून घेतो. तिथं बाप मालक, पोरगा मालक. आणि उसाला तोड वेळेवर पाहिजे असेल तर उसाची नोंद घेणाऱ्या चिटबॉयपासून कारखान्याच्या गटऑफिसपर्यंत सगळ्यांना माहीत असतं की बोर्डावर कुणाचा फोटो लावायचा.

शिडीच्या पायऱ्या अशा निघाल्या की वर पोचायला दोनच वाटा. वरच्या मजल्यावर जन्माला या, नाहीतर थेट उडी मारा.

उडी मारणारा एक माझा मित्र आहे. त्याला आम्ही मास्तर म्हणतो, मास्तर नसला तरी. पीकविम्याच्या तक्रारी, निराधारच्या पगारी, रेशनकार्डातली नावं, ही कामं तो वीस वर्षं करतोय. तहसीलमधला शिपाईसुद्धा त्याला खुर्ची देतो. 2024 च्या विधानसभेला तो अपक्ष उभा राहिला. अनामत दहा हजार. खर्चाची सरकारी मर्यादा चाळीस लाख, आणि खरा खर्च कुणाचा किती होतो ते तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे. मास्तरनं हिशेब करून दाखवला होता. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये क्विंटल. हमीभाव मिळाला असं धरलं तरी चाळीस लाखाला आठशेवर क्विंटल. आमच्या रानात एकरी आठ पडलं तर लोक पेढे वाटतात. म्हणजे शंभर एकर पेरायचं, खत-बी-मजुरी देवानं भरायची, आणि मग कायद्यात बसेल एवढी निवडणूक लढवायची. मास्तरची जमीन चार एकर. एक विकली.

तो पडला, अनामत गेली. घराण्यातली माणसंही पडतात, ते मी नाकारत नाही. लोक दणका देतात. विलासराव 1995 ला लातुरात पडले. अशोकराव 2019 ला नांदेड लोकसभेत पडले. पंकजाताई 2019 ला पडल्या आणि 2024 ला लोकसभेत 6,553 मतांनी पुन्हा पडल्या. धीरज 2024 ला लातूर ग्रामीणमध्ये पडले, जिथं आधीच्या वेळी दुसऱ्या नंबरची मतं 'नोटा'ला, म्हणजे 'यापैकी कुणीही नाही'ला होती, 27,500. पण पडल्यावर काय झालं ते बघा. विलासराव चार वर्षांनी मुख्यमंत्री. अशोकराव त्याच वर्षी भोकरचे आमदार. पंकजाताई दीड महिन्याच्या आत विधान परिषदेवर, वर्षाच्या आत मंत्री. घर असलं की पडलेल्या माणसाला खाली गादी असते. कारखाना चालू असतो, संस्था चालू असते, दिवाळीला बंगल्यावर रांग लागते. मास्तर पडला तेव्हा खाली फरशी होती. दुसऱ्या दिवशी बँकेचा माणूस आला, तिसऱ्या दिवशी सासरा.

माझा भाचा पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, मामा, हे आपल्याच मातीत उगवलेलं नाही. जपानात म्हणे यासाठी तीन शब्द आहेत: जिबान, कानबान, काबान. जिबान म्हणजे पायाखालची जमीन, मतदारसंघातली माणसं. काबान म्हणजे पैशाची बॅग. आणि कानबान म्हणजे पाटी, दुकानावरची पाटी. मी त्याला परत म्हणायला लावलं. बापाची पाटी. शिंझो आबेंचे आजोबा पंतप्रधान, वडील परराष्ट्रमंत्री. माझा उगाच गैरसमज होता की पाट्या रंगवणाऱ्याचं राजकारणात काही स्थान नाही. आणि फिलिपिन्समध्ये तर 1987 च्या संविधानातच लिहिलंय की राजकीय घराण्यांना मनाई, व्याख्या कायद्यानं ठरवावी. तो कायदा करायचा कुणी? तिथल्या संसदेनं. संसदेत बसलेले कोण? घराण्यांचीच माणसं. तीस-पस्तीस वर्षं तो कायदा झालाच नाही. भाचा हसत होता. मला हसू आलं नाही, कारण मला आमची ग्रामपंचायत आठवली. अतिक्रमण काढायचा ठराव करणाऱ्या पाच जणांचे ओटे रस्त्यावर होते.

मला कुणी म्हणेल, मग तू काय वेगळा? अण्णांचं दुकान माझ्याकडं, माझ्याकडून पोराकडं. खरं आहे. अण्णांच्या नावावर मला पहिली दहा वर्षं गिऱ्हाईक मिळालं. माझ्या हाताला तेव्हा वळण नव्हतं, लोक "अण्णांचा पोरगा" म्हणून घ्यायचे. पण अक्षर वाकडं आलं की ते समोरच्या दुकानात जायचे, आणि समोरचं दुकान टाकायला चाळीस लाख लागत नव्हते.

आता मास्तरच्या बॅनरचं. त्या निवडणुकीत तो माझ्याकडंच आला, दुसरीकडं कुठं जाणार. चार बाय सहाचे पंचवीस, एक दहा बाय दहा, आणि पत्रकं दोन हजार. निवडणुकीच्या कामावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव टाकावं लागतं, दोन साक्षीदारांच्या सह्यांचं घोषणापत्र लागतं. ते सगळं तो घरून नीट भरून घेऊन आला होता, दादांचा माणूस कधीच आणत नाही. मी हिशेब केला, सतरा हजार सहाशे. तो म्हणाला, "निकालानंतर देतो, सोयाबीन घरातच हाय." बावीस वर्षांची ओळख. माझ्या पोरीच्या जातीच्या दाखल्यासाठी हा माणूस तीनदा तहसीलला गेला होता, चहाही न घेता.

मी म्हटलं, "मास्तर, राग मानू नको, अपक्षाचं काम मी उधारीवर करत नाही. निम्मे आधी दे."

हे वाक्य माझ्या तोंडून किती सहज निघालं, त्याचंच मला नंतर वाटत राहिलं. दादांचं खातं त्या दिवशी दोन लाखांच्या घरात होतं.

मास्तरनं शर्टाच्या आतल्या खिशातून नोटा काढल्या, थुंकी लावून मोजल्या, नऊ हजार गल्ल्यावर ठेवले. वरचे दोनशे मी परत द्यायला गेलो तर नको म्हणाला. मशीनवर दादांचं काम चालू होतं, तीस बाय वीसचं, त्यामुळं त्याला तासभर थांबावं लागणार होतं. मी पोराला दोन चहा सांगायला पाठवलं. मास्तर स्टुलावर बसून दादांचा फोटो वरून खाली, एकेक पट्टा छापून बाहेर येताना बघत होता. कपाळ आलं, डोळे आले. म्हणाला, "नाक बापाचंच हाय बघ."